छातीएवढं पाणी

पाणीवाल्याला पोहता येत नव्हतं. वृत्तवाहिनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि बाहेर कोणालाच नाही. पडद्यावर मात्र गेली नऊ वर्षं हा माणूस पाण्यातच उभा. कुठे नदीने पात्र सोडलं, कुठे धरणाचे दरवाजे उघडले, की दुसऱ्या बातमीदाराला फोन जायचाच नाही. लाल रेनकोट, टोपी मागे सरकलेली, केस कपाळाला चिकटलेले, एका हातात माइक आणि दुसरा हात तोल सावरल्यासारखा हवेत. "मी आत्ता कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत त्याची नक्कल करायची. दुकानात साखर घ्यायला गेला तरी दुकानदार विचारायचा, "काय साहेब, आज कोरडे?" आणि त्याला ते आवडायचं. न आवडायला काय झालं? चाळिशीला टेकलेला, लग्नाचं कुठे जमलं नाही असा, भाड्याच्या दोन खोल्यांत ओल्या कपड्यांच्या दोरीखाली झोपणारा माणूस. त्याला भर रस्त्यात अनोळखी बाई थांबवून म्हणते, जिवाला जपा हो. एवढी माया आयती मिळत असेल तर कोण नको म्हणेल?

आता ह्या कमरेएवढ्या पाण्याची भानगड काय होती ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

वाहिनीत पूर्वी एक मुलगी बातमीदार होती. पंचविशीची, भलती धीट. एकदा पुलावर पाणी चढलं होतं. ऑफिसात डेस्कवर बसलेल्या मॅडम तिच्या कानातल्या बटणातून सांगत होत्या, थोडी पुढे जा, अजून थोडी. ती गेली. खरोखरची गेली, आणि तिसऱ्या दिवशी खूप खाली सापडली. ऑफिसात फोटो लागला, सगळे दोन मिनिटं मान खाली घालून उभे राहिले आणि मालकांनी नियम काढला: गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे आपल्या माणसाने पाऊल टाकायचं नाही. नियम चांगला होता, कोण नाही म्हणतंय? आठवडाभर सगळे बातमीदार काठावर उभे राहून पुराचं वर्णन करत राहिले. मग समजलं की प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीवर पळालेत. मॅडम कोणावर चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की नियम पाळून जवळ जाता येतंय का ते बघा.

नियम पाळून जवळ जायची युक्ती मास्तरने काढली. मास्तर म्हणजे पाणीवाल्याचा कॅमेरामन. अंगाने आडवा, कमी बोलणारा, पूर्वी लोकांच्या लग्नांत कॅमेरा फिरवून पोट भरलेला. त्याचं म्हणणं साधं होतं. कॅमेरा पार खाली, पाण्याला टेकेल एवढा आणायचा, म्हणजे डबकंसुद्धा अफाट दिसतं. पाणी गुडघ्याएवढं असेल तिथे बातमीदाराने गुडघे टेकायचे. पाणी कमरेला येतं. ही अर्धी बैठक. उकिडवं बसलं की तेच पाणी छातीला लागतं. ही पूर्ण बैठक. मग हात हवेत हलवायचा, मधूनच डगमगायचं आणि आवाज चढा ठेवायचा. पथ्य एकच, मागून चालणारी माणसं चित्रात येऊ द्यायची नाहीत. चालता माणूस दिसला की पितळ उघडं पडतं. म्हणून मास्तर माणसं जाईपर्यंत थांबायचा आणि मोकळी जागा मिळाली की बोट वर करायचा.

पाणीवाल्याला सुरुवातीला कसंसंच झालं. मग सवय झाली, आणि सवयीनंतर अभिमान. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांसमोर त्याला एकदा बोलायला बोलावलं होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, की आपत्तीत बातमीदाराने किती जवळ जावं. ह्याने क्षणभर विचार केल्याचं दाखवलं आणि म्हणाला, "जवळ जायचं नसतं. जवळ दिसायचं असतं." पोरं खदखदून हसली, टाळ्या पडल्या. त्याला स्वतःलाही ते पटलेलं होतं. आपण कोणाच्या बचावाच्या आड येत नाही, बोटीत कोणाची जागा अडवत नाही, आपला जीव धोक्यात नाही आणि घरी बसलेल्या माणसाला पूर बघितल्याचं समाधान मिळतं. ह्यात कोणाचं काय वाकडं होतं? असं तो मास्तरला कितीदा तरी म्हणाला होता. मास्तर ह्यावर लेन्स पुसत बसायचा.

ह्या माणसाला जगात एक ताई होती. आई-वडील लवकर गेले, तेव्हा हा नऊ वर्षांचा आणि ताई सतराची. तिने कारखान्यात बटणं लावण्याचं काम धरलं आणि ह्याला शिकवलं. तिथेच कपडे कापणारा एक शिंपी तिला भेटला, पुढे तोच नवरा झाला. शांत गडी. गळ्यात मापाची फीत, कानावर खडू, आणि माणूस दारात उभा राहिला की नुसत्या नजरेने त्याची छाती-कंबर सांगणारा. नदीकाठच्या वसाहतीत त्यांचं घर, पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मागच्या खोलीत संसार. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एक मुलगी झाली. ती आता आठ वर्षांची. मामा म्हणजे तिचा जीव की प्राण.

ताई त्याला अजून बाळ्याच म्हणायची. तो लाइव्ह असला की शिवणयंत्र बंद, गॅस बंद, सगळं घर पडद्यासमोर. आणि लाइव्ह संपलं की पाचव्या मिनिटाला फोन. "बाळ्या, एवढ्या पाण्यात कशाला उभा राहतोस रे? तुला पोहता तरी येतं का? त्या मॅडमला सांग, तिच्या पोराला उभं कर म्हणावं." ती रडकुंडीला यायची आणि हा फोन कानाला लावून हसत बसायचा. एकदा, फक्त एकदा त्याने तिला सांगितलं असतं, की ताई, मी बसतो गं, पाणी गुडघ्याएवढंच असतं, तर संपलं होतं. नाही सांगितलं. तिला आपली काळजी वाटते हे त्याला हवं होतं. नऊ वर्षं त्याने तिचा जीव टांगणीला लावला, तो नुसत्या लाडापायी. ह्या माणसाची कीव करायची असेल तर करा, पण हे विसरू नका.

तो दिवस तसा साधाच उगवला. चार दिवस पाऊस कोसळत होता. सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि दुपारी वसाहतीतून भोंगा लावलेली गाडी फिरली, की चारच्या आत घरं सोडा. बाहेर पडायला दोन रस्ते. खालचा रस्ता ओढ्यावरच्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, शहरात जातो, दहा मिनिटांचा. वरचा डोंगर कापून काढलेला, वळणावळणाचा, चाळीस मिनिटांचा. खालच्या फरशीवर नदीचं पाणी उलटं फिरून चढलं होतं, पण ते वाहत नव्हतं, नुसतं तुंबलेलं होतं. गुडघ्याला लागेल इतकं. एक पोलीस फरशीच्या टोकाला उभा राहून माणसांना डाव्या अंगाने सोडत होता. सकाळपासून शेकडो माणसं तिथून गेली. कोणाच्या डोक्यावर गादी, कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या हातात कोंबडी. दुधाचा टेम्पो गेला. लहान गाड्याही हळूहळू जात होत्या.

आणि पाणीवाला तिथेच उभा होता. म्हणजे, बसायच्या तयारीत होता.

साडेतीनच्या लाइव्हला दोन मिनिटं उरली असताना वाहिनीच्या गाडीचा ड्रायव्हर काचेतून डोकं काढून ओरडला, की ताईंचा फोन येतोय, तीनदा आला. लाइव्हच्या वेळी फोन गाडीत ठेवायची पद्धत होती, खिशात असला की माइकमध्ये गुणगुण येते. उचलू का, असं ड्रायव्हरने विचारलं. पाणीवाला म्हणाला, नको, उगाच काळजी करत बसते, झाल्यावर मी करतो. ताईची वसाहत रिकामी करताहेत हे त्याला माहीत होतं. तो बातमीच तीच देत होता. पण ताईला काही विचारायचं असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. तिचा फोन म्हणजे काळजी, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

तेवढ्यात कानात मॅडम आल्या. दुसऱ्या वाहिनीवर कंबरभर पाणी दाखवताहेत, तुझ्याकडे काय आहे, असं त्यांनी विचारलं. ह्याने फरशीकडे पाहिलं आणि म्हणाला, छातीभर.

मास्तरने कॅमेरा खांद्यावरून खाली घेतलाच नाही. "रस्ता चालू आहे," तो म्हणाला. "माणसं जाताहेत. चालू रस्त्यावर बैठक नको."

"दोन मिनिटांचं काम आहे, मास्तर."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिला, मग वाकला. नोकरी त्यालाही होती. पोलिसाला हात दाखवून माणसं थोडी थांबवली, पोलीसही हसत बाजूला झाला, कारण ही गंमत त्याने सकाळपासून दोनदा पाहिली होती. पाणीवाला फरशीच्या मधोमध गेला आणि उकिडवा बसला. पाणी गार होतं. छातीला लागल्यावर त्याचा श्वास खरोखरच अडकला आणि तो अडकलेला श्वास पडद्यावर फार छान दिसला.

"मी आत्ता छातीएवढ्या पाण्यात उभा आहे," तो म्हणाला. "वसाहतीला शहराशी जोडणारा हाच तो खालचा रस्ता. पाण्याला प्रचंड ओढ आहे, मला स्वतःला सावरणं कठीण जातंय. वसाहतीतल्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे, ह्या रस्त्याने येण्याचा विचारही करू नका. वरच्या रस्त्याने जा. जीव मोलाचा आहे."

ही शेवटची विनंती कोणी सांगितली नव्हती. ती त्याला आयत्या वेळी सुचली. त्याला वाटलं, किती जबाबदारीचं वाटतं हे. मॅडम कानात म्हणाल्या, सुरेख.

मग तो उठला, पँट पिळली, गाडीत येऊन टॉवेलने डोकं पुसलं आणि ताईला फोन लावला. लागला नाही. पावसात नेटवर्क जातंच. त्याने पुन्हा एकदा लावला आणि चहा मागवला.

साडेचारला मॅडमचा फोन आला. वरच्या रस्त्यावर दरड कोसळली होती, गाड्या अडकल्या होत्या, माणसं खाली असावीत. तू सगळ्यात जवळ आहेस, पळ. ते पळाले. वसाहतीच्या बाजूने वर चढायला अर्धा तास लागला. वाटेत तो आरशात बघून केस पुन्हा ओले करत होता. नाही, हे सांगितलंच पाहिजे. बाटलीतलं पाणी तळहातावर घेऊन तो केसांना लावत होता.

वर पोचले तेव्हा माती उपसायचं मशीन आलेलं नव्हतं. अर्धा डोंगर रस्त्यावर बसला होता आणि सात-आठ माणसं चिखलात हातांनी उकरत होती. दोघांकडे फावडी होती. अलीकडे तीन गाड्या तिरक्या थांबलेल्या. मास्तरने कॅमेरा सुरू केला आणि वाहिनीने लगेच चित्र उचललं. मॅडमना ऑफिसात बसून ह्याच्या आधी दिसलं. त्या कानात म्हणाल्या, "मधल्या गाडीत लहान मुलगी आहे. एकटी आहे. तिच्या जवळ जा. काच खाली करायला सांग."

तो बोलत बोलत चालला. डोंगराचा मोठा भाग कोसळला आहे, मदत अजून पोचलेली नाही, आपण एका बचावलेल्या चिमुरडीशी बोलण्याचा प्रयत्न करू या. काचेवर चिखलाचे शिंतोडे होते. त्याने बाहीने काच पुसली.

आतून मुलगी म्हणाली, "मामा."

पुढचं सगळं लाइव्ह गेलं. तुम्ही पाहिलं असेल तर ठाऊकच आहे. उकरणाऱ्या माणसांतला एक जण उठला, खांद्यापर्यंत चिखल, बोटांची नखं उलटलेली, आणि चालत आला. ते भाऊजी होते. त्यांनी पाणीवाल्याला मिठी मारली तेव्हा माइक दोघांच्या छातीमध्ये अडकला आणि भाऊजींचा प्रत्येक शब्द घराघरांत स्वच्छ ऐकू आला.

"बाळ्या, ती खाली आहे रे. वाटेत फांदी पडली होती, ती बाजूला करायला उतरली. म्हणाली, तुम्ही बसा, मी करते." मग त्यांना श्वास घ्यावा लागला. "आम्ही खालच्या रस्त्यालाच निघालो होतो. गाडी वळवलीसुद्धा होती. तुला फोन लावला, तू उचलला नाहीस, मग तिने तुझं लाइव्ह लावलं. म्हणाली, बाळ्या छातीभर पाण्यात उभा राहून सांगतोय, तिकडून नको. तुझ्यामुळे पोरगी तरी राहिली. तिकडून गेलो असतो तर तिघंही गेलो असतो."

 कानात मॅडमचा आवाज आला, अगदी हळू. "मास्तर, जवळ घ्या. दोघांचे चेहरे. अजून जवळ."

मास्तरने कॅमेरा बंद करून चिखलात ठेवला आणि तो उकरायला गेला. पण तोवर वाहिनीला पाहिजे ते मिळालं होतं. ताई दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. फांदी तिच्या हातात होती, असं उकरणारे म्हणाले. पाणीवाल्याने ते पाहिलं नाही. तो रस्त्याच्या कडेला पाठ करून उभा होता.

वाहिनीने त्या दोन तुकड्यांची एक फीत केली. आधी छातीभर पाण्यातली हात जोडून विनंती, मग भाऊजींची मिठी. खाली अक्षरं, की आमच्या प्रतिनिधीने बहीण गमावली, पण भाचीचा जीव वाचवला. पंधरा दिवस दर तासाला तीच. मालकांनी स्वतः हार घातला. रस्त्यात बायका त्याच्या तोंडावरून हात फिरवून रडायच्या. एकदा न राहवून तो मॅडमच्या खोलीत गेला आणि दार लावून सगळं सांगितलं, रस्ता चालू होता, मास्तरने अडवलं होतं, मी बसलो होतो. मॅडमनी ऐकून घेतलं. हा बसत असणार ह्याची कल्पना त्यांना होतीच. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या भाऊजींना झोप लागते का?" तो म्हणाला, लागत असावी. "मग लागू दे," मॅडम म्हणाल्या आणि फोन उचलला.

मास्तरने बदली मागून घेतली. आता तो स्टुडिओत असतो. तिथे सगळे उघडपणे खुर्चीवरच बसतात.

पाणीवाला सुट्टीवर गेला. घरात पडून राहायचा, उशाशी फोन पालथा ठेवून. भाऊजींकडे जायचं तो टाळत होता. पूर ओसरल्यावर भाऊजींनी शहरात एक खोली घेतली होती, वाचलेलं शिवणयंत्र तिथे मांडलं होतं, मुलीला नव्या शाळेत घातलं होतं. त्यांचा दर आठवड्याला फोन यायचा, येऊन जा, पोरगी विचारते. हा काहीतरी कारण सांगायचा. दोन महिन्यांनी फोन आला तो वेगळा होता. भाऊजी म्हणाले, उद्या दुपारी ये. पोरगी शाळेत असेल. एक गोष्ट दाखवायची आहे.

खोली लहान होती. खिडकीशी यंत्र, भिंतीला टाचण्यांनी भरलेली उशी, दोरीवर अर्धे शिवलेले शर्ट बाह्यांविना लटकत होते. भाऊजींनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि फोन पुढे केला. पडद्यावर तीच फीत, थांबवलेली. ते म्हणाले, की ताईने शेवटचं हेच पाहिलं, म्हणून मी रोज बघतो. तिने जे पाहिलं ते बघितलं की बरं वाटतं. परवा बघताना हात लागून थांबलं.

चित्रात मधोमध पाणीवाला, छातीपर्यंत पाण्यात. आणि डाव्या कडेला, मास्तरच्या नजरेतून निसटलेला, अर्ध्या सेकंदापुरता आलेला एक माणूस. डोक्यावर गादीची वळकटी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. दुमडीच्या वरचं कापड कोरडं.

शिंप्याच्या नजरेतून कापड सुटत नाही. भाऊजींनी त्या कोरड्या कापडावर नख ठेवलं.

"बाळ्या, हा माणूस फार उंच होता का?"

हो म्हणायला किती सोपं होतं. भाऊजींचा आवाज तेच मागत होता. त्यांनी दोन रात्री डोकं खपवून हा एक प्रश्न शोधला होता, की समोरच्याला पळायला एक फट राहावी. पाणीवाल्याला ती फट दिसली. तोंडात शब्दही आला. पण त्याच्याच्याने तो बाहेर पडला नाही.

"नाही," तो म्हणाला. "माझ्याएवढाच होता."

"मग तू बसला होतास."

"हो."

मग त्याने सगळंच सांगितलं. बैठक, पोलीस, मास्तर. ताईचे तीन फोन आणि आपण काय म्हणालो ते. वरच्या रस्त्याची विनंती कोणी सांगायला लावली नव्हती, तेही. सांगताना तो रडला नाही. रडायची आपली लायकी नाही, असं त्याला वाटत होतं, आणि ते बरोबरच होतं. आता भाऊजी उठून कानाखाली मारतील, कात्री फेकतील, निदान शिव्या तरी देतील, ह्याची तो वाट बघत बसला. भाऊजींनी यंत्रावरचा शर्ट उचलला, त्याची बाही पालथी केली, पुन्हा सुलटी केली आणि खाली ठेवली.

"पोरीला हे कळता कामा नये," ते म्हणाले. "तुझ्यासाठी नाही सांगत. तुझं तोंड बघायची मला इच्छा नाही. पण तिला आई राहिली नाही. रात्री दचकून उठते, तेव्हा म्हणते, मामाने सांगितलं म्हणून आपण जगलो ना बाबा. मी हो म्हणतो, मग ती झोपते. हे मी तिच्याकडून काढून घेणार नाही. तू दर रविवारी यायचं. ती विचारेल ते सगळं सांगायचं, विचारेल तितक्या वेळा सांगायचं. आणि एकदाही चुकायचं नाही."

तो मान हलवून उठला. त्याला लवकर बाहेर पडायचं होतं. पण शाळा त्या दिवशी अर्धीच होती आणि दारात चपलांचा आवाज झाला. भाची आली होती, पाठीवर दप्तर, मागे नव्या शाळेतल्या दोन मैत्रिणी. मामाला पाहून ती क्षणभर जागच्या जागी थांबली, आणि मग तिने मैत्रिणींकडे अशा तोऱ्याने पाहिलं की काय विचारता. ह्या दोघींचा विश्वास बसत नाही, तिने सांगितलं. म्हणतात, एवढ्या पाण्यात कोणी उभं राहूच शकत नाही, मामा वाहून गेला असता.

"मामा, ह्यांना दाखव ना, कुठपर्यंत होतं पाणी."

भाऊजी यंत्रापाशी उभे होते.  ते फक्त त्याच्याकडे बघत होते.

पाणीवाल्याने हात उचलला आणि आपल्या छातीला आडवा लावला. "इथपर्यंत," तो म्हणाला.

मैत्रिणींनी तोंडावर हात ठेवले. पण भाचीचं समाधान झालं नाही. तिने मान हलवली, पुढे आली, टाचा उंचावून त्याचं मनगट धरलं आणि वर ढकलू लागली.

"नाही हं. अजून वर होतं. आई म्हणाली होती, बाळ्याच्या गळ्याशी आलंय."

त्याने भाऊजींकडे पाहिलं. मग तिने नेला तिथे हात जाऊ दिला आणि गळ्याशी आल्यावर तिथेच धरून ठेवला.

"हो," तो म्हणाला. "इथपर्यंत होतं."